विश्लेषण : राजकीय खोटे ओळखण्यासाठी मार्क ट्वेन आजही का उपयोगी पडतात?

निवडणुका जवळ आल्या की मोबाइलवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते. विस्कटलेले पांढरे केस, झुपकेदार मिशा आणि खाली एक चटकदार वाक्य. सत्य अजून पायात बूट घालत असते तोवर असत्य अर्धे जग हिंडून आलेले असते, अशा अर्थाचे. वाक्याखाली नाव असते मार्क ट्वेन यांचे. वाक्य पटते, म्हणून लोक ते लगेच पुढे पाठवतात. अडचण एकच आहे. हे वाक्य ट्वेन यांनी लिहिल्याचा किंवा बोलल्याचा पुरावा सापडलेला नाही. म्हणजे असत्य किती वेगाने पळते हे सांगणारे वाक्यच असत्य नावाने पळत सुटले आहे.

अमेरिकेच्या या विनोदी लेखकाला हा प्रकार बहुधा आवडला असता. कारण राजकीय खोटेपणाबद्दल त्यांनी खरोखर जे लिहिले, त्याचा रोख पुढाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांवर होता. पुढारी खोटे बोलतो यात त्यांना फारसे नवल वाटत नव्हते. ते खपते कसे आणि ते कोण खपवून घेते, हा त्यांचा खरा प्रश्न होता. दीडशे वर्षांपूर्वीचे हे लेखन आजच्या राजकारणाला कसे लागू पडते, ते पाहू.

ट्वेन यांच्या नावावरची वाक्ये मुळात कुणाची?

असत्याच्या वेगाविषयीच्या वाक्याचे मूळ मागे शोधत गेले, की जोनाथन स्विफ्ट या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या लेखकापर्यंत पोहोचता येते. त्यांनी १७१०मध्ये ‘एक्झॅमिनर’ या पत्रात राजकीय असत्यावर लिहिताना, असत्य उडत जाते आणि सत्य लंगडत मागून येते, अशी कल्पना मांडली होती. बूट नंतर कुणीतरी जोडले आणि ट्वेन यांचे नाव तर त्यांच्या मृत्यूनंतर चिकटले. राजकारणी आणि बाळाचे लंगोट या दोन्ही गोष्टी वरचेवर बदलाव्यात, हा विनोदही ट्वेन यांच्या नावावर खपतो. त्यालाही आधार नाही.

गंमत म्हणजे ट्वेन स्वतःही या चुकीतून सुटलेले नाहीत. साधे खोटे, अट्टल खोटे आणि आकडेवारी असे खोट्याचे तीन प्रकार सांगणारी उक्ती त्यांनी आत्मचरित्रात ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांच्या नावावर टाकली. डिझरायली यांच्या लेखनात किंवा भाषणांत ती कुठेही सापडत नाही. मोठे नाव लावले की वाक्याला वजन येते आणि मग ते तपासण्याची गरज कुणाला वाटत नाही. आजच्या ‘फॉरवर्ड’ संदेशांचे सूत्रही हेच आहे.

ट्वेन यांचा राजकारणाशी संबंध काय होता?

मार्क ट्वेन हे टोपणनाव. खरे नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमन्स. जन्म १८३५चा, मिसुरी या राज्यातला, जिथे गुलामगिरी कायदेशीर होती. छापखान्यातला उमेदवार, मिसिसिपी नदीवरच्या बोटींचा वाटाड्या असे करत ते १८६१मध्ये नेवाडात पोहोचले. तिथल्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइज’ या वृत्तपत्रात ते वार्ताहर झाले आणि १८६३पासून मार्क ट्वेन या नावाने लिहू लागले.

पुढे १८६७-६८च्या हिवाळ्यात ते वॉशिंग्टनमध्ये होते. नेवाडाचे सेनेटर विल्यम स्टुअर्ट यांचे खासगी सचिव म्हणून त्यांनी थोडा काळ काम केले. सेनेटरच्या नावाने मतदारांच्या पत्रांना उत्तरे देणाऱ्या सचिवावर त्यांनी एक विनोदी लेखही लिहिला. त्यातला सचिव टपाल कार्यालय मागणाऱ्या गावकऱ्यांना कळवतो, की तुम्हाला खरी गरज आहे ती तुरुंगाची. या लेखातला विनोद असा, की सचिव चुकून खरे लिहितो आणि त्यामुळेच त्याची नोकरी जाते. सत्तेच्या कार्यालयात गोलमोल भाषा हीच कामाची भाषा असते, हे ट्वेन यांनी तिथे जवळून पाहिले होते.

१८६३ची ती बनावट बातमी काय होती?

राजकीय आणि आर्थिक लबाडी उघड करण्यासाठी तरुण ट्वेन यांनी एक धोकादायक प्रयोग केला. सॅन फ्रान्सिस्कोची वृत्तपत्रे नेवाडातील खाणकंपन्यांवर टीका करत होती. या कंपन्या खोटे लाभांश दाखवून शेअरची किंमत फुगवतात, असा आरोप होता. पण त्याच शहरातील एक पाणीपुरवठा कंपनी तेच करत असताना ती वृत्तपत्रे गप्प होती.

ट्वेन यांनी ऑक्टोबर १८६३मध्ये एक भयंकर बातमी रचली. या वृत्तपत्रांच्या सल्ल्यावरून पाणी कंपनीत पैसे गुंतवून बुडालेला एक माणूस वेडाच्या भरात बायको-मुलांची हत्या करतो आणि स्वतःचा गळा चिरलेल्या अवस्थेत घोडा दौडवत शहरात येतो, अशी ही कथा होती. बातमी खोटी आहे हे कळावे म्हणून त्यांनी तिच्यात खुणाही पेरल्या. जिथे मैलोनमैल झाड नाही तिथे पाइनचे घनदाट जंगल दाखवले. एकाच ठिकाणच्या दोन नावांना दोन वेगळ्या जागा करून टाकले. आणि इतका गळा चिरलेला माणूस काही मैल घोड्यावरून येऊच शकत नाही, हे तर कुणालाही समजण्यासारखे होते.

कुणालाही समजले नाही. आसपासच्या वृत्तपत्रांनी बातमी उचलली, लोक हादरले. दुसऱ्याच दिवशी ट्वेन यांना ती मागे घ्यावी लागली. या फसलेल्या प्रयोगावर त्यांनी काही वर्षांनी लिहिले. उपाहारगृहात एक शेतकरी बातमी वाचत होता, त्याने काट्याला टोचलेला बटाटा तोंडाकडे नेता नेता हवेतच थांबला, असे चित्र त्यात आहे. वाचक रक्ताच्या वर्णनातच इतके अडकले, की पाणी कंपनीचा मुद्दा आणि पेरलेल्या खुणा यांच्याकडे त्यांचे लक्षच गेले नाही. तपशील तपासायला जे थंड डोके लागते, ते थरार आधीच काढून घेतो, हा धडा ट्वेन यांना स्वतःच्या चुकीतून मिळाला.

हा धडा आजही लागू पडतो का?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) तीन संशोधकांचा एक अभ्यास मार्च २०१८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. सुमारे ३० लाख लोकांनी त्या पसरवल्या होत्या.

निष्कर्ष असा, की खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागला. राजकीय खोट्याचा प्रसार तर सर्वात वेगवान होता. संशोधकांनी स्वयंचलित खाती बाजूला काढूनही हिशेब केला. तरी चित्र बदलले नाही. खोटे पसरवण्यात यंत्रांपेक्षा माणसांचाच हात मोठा होता आणि त्यामागे नावीन्य, आश्चर्य आणि किळस या भावना होत्या. हवेत थांबलेला बटाटा आजच्या भाषेत म्हणजे ‘शेअर’च्या बटणावर गेलेला अंगठा.

‘निवडणुकीला उभे राहणे’ या गोष्टीत काय घडते?

न्यू यॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक १८७०मध्ये झाली. जॉन हॉफमन आणि स्टुअर्ट वुडफर्ड हे प्रत्यक्षातले उमेदवार. ट्वेन यांनी त्या वर्षअखेरीस एका छोट्या विनोदी गोष्टीत स्वतःलाच तिसरा, अपक्ष उमेदवार म्हणून उभे केले. या उमेदवाराला वाटते, की आपल्याकडे इतरांकडे नाही असे एक भांडवल आहे, ते म्हणजे चांगले नाव.

मग वृत्तपत्रे सुरू होतात. पहिला आरोप : कोचीन चायनामध्ये एका गरीब विधवेची केळीची बाग लाटण्यासाठी त्याने खोटी साक्ष दिली. उमेदवार त्या देशात कधी गेलेलाच नाही. काय बोलावे हे न सुचल्याने तो गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र लिहिते, उमेदवाराचे मौन बरेच काही सांगून जाते. तिथून पुढे त्याचा उल्लेख ‘खोटी साक्ष देणारा’ या बिरुदासह होऊ लागतो. मग चोरी, दारूबाजी, विषप्रयोग असे एकेक नवे बिरुद त्याच्या नावाला चिकटत जाते. शेवटी भर सभेत निरनिराळ्या वर्णांची नऊ लहान मुले मंचावर धावत येऊन त्याच्या पायांना बिलगतात आणि त्याला बाबा म्हणतात. उमेदवार माघार घेतो आणि माघारीच्या पत्रावर आपल्या सहीबरोबर सगळी बिरुदेही लिहून टाकतो.

इथे ट्वेन यांनी बदनामीची यंत्रणा पायरीपायरीने उघडी केली आहे. आरोप इतका विचित्र असावा की उत्तरच सुचू नये. उत्तर आले नाही तर मौन म्हणजे कबुली ठरवावी. आणि आरोप सिद्ध होण्याआधीच तो माणसाचे विशेषण करून टाकावा. एकदा विशेषण झाले, की पुराव्याचा प्रश्न कुणी विचारत नाही.

गोष्टीतली नऊ मुले प्रत्यक्षात कधी आली?

ती बरोबर १३० वर्षांनी आली. रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी फेब्रुवारी २०००मध्ये साउथ कॅरोलायनात मतदान होते. जॉन मॅकेन त्याआधी न्यू हॅम्पशायर जिंकून आले होते. त्यांना विवाहबाह्य संबंधातून झालेली कृष्णवर्णीय मुलगी आहे, अशी कुजबुज पद्धतशीर पसरवण्यात आली. वस्तुस्थिती अशी होती, की मॅकेन दाम्पत्याने बांगलादेशातील अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक घेतली होती. मॅकेन ती लढत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडून हरले. ही कुजबुज नेमकी कुणी सुरू केली, ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही.

बराक ओबामा यांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही, हा आरोपही याच साच्यातला. त्यांनी एप्रिल २०११मध्ये जन्माचा सविस्तर दाखला प्रसिद्ध केला. तरीही आरोप विरला नाही. त्याचे सर्वात प्रसिद्ध प्रचारक डोनाल्ड ट्रम्प यांनी ओबामा अमेरिकेतच जन्मले हे जाहीरपणे मान्य केले ते सप्टेंबर २०१६मध्ये. आता तर आरोप करायलाही माणूस लागत नाही. जानेवारी २०२४मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना अध्यक्ष जो बायडेन यांच्या आवाजात दूरध्वनी गेले. प्राथमिक फेरीत मतदान करू नका, असे तो आवाज सांगत होता. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता. या प्रकरणातील राजकीय सल्लागाराला दूरसंचार नियामकाने ६० लाख डॉलरचा दंड केला. साधन नवे असले तरी खेळी १८७०चीच आहे.

सेनेटर डिलवर्दी हे पात्र कुणावरून घेतले?

चार्ल्स डडली वॉर्नर यांच्यासोबत लिहिलेली ‘द गिल्डेड एज’ ही ट्वेन यांची कादंबरी १८७३ची. अमेरिकेच्या इतिहासातील एका संपूर्ण कालखंडाला पुढे हेच नाव मिळाले. गिल्डेड म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेला. त्या वेळी रेल्वे कंपनीशी संबंधित शेअर लोकप्रतिनिधींमध्ये वाटल्याचे ‘क्रेडिट मोबिलिए’ प्रकरण ताजे होते.

कादंबरीतले सेनेटर डिलवर्दी धार्मिक आहेत, दारूच्या विरोधात आहेत, मुलांना सदाचारावर प्रवचने देतात. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी ते एक विधेयक पुढे रेटतात. प्रत्यक्षात ते एका कुटुंबाची पडीक जमीन सरकारच्या गळ्यात मारण्याची योजना असते. या पात्रामागे कॅन्ससचे सेनेटर सॅम्युएल पॉमरॉय होते. तेव्हा सेनेटरची निवड राज्यांची विधिमंडळे करत. जानेवारी १८७३मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळात अलेक्झांडर यॉर्क या सदस्याने ७ हजार डॉलर टेबलावर ठेवले आणि हे पैसे पॉमरॉय यांनी मतासाठी दिले, असे जाहीर केले. पॉमरॉय यांचा खुलासा होता, की ते पैसे एका तिसऱ्या माणसाला बँक काढायला मदत म्हणून पोहोचवायचे होते. ते निवडणूक हरले. मात्र सेनेटच्या चौकशी समितीच्या बहुमताने लाच सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला.

डिलवर्दी यांच्याकडून घेण्यासारखा निकष हा : आरोप जितका रोखीचा, तितका खुलासा उदात्त. न्यू जर्सीचे सेनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात तपास यंत्रणेला २०२२मध्ये ४ लाख ८० हजार डॉलरहून अधिक रोकड आणि सोन्याच्या विटा सापडल्या. काही पैसे कपड्यांच्या खिशांत होते. खुलासा असा आला, की क्युबातून आलेल्या कुटुंबाला मालमत्ता जप्त होण्याची भीती कायम असते, म्हणून बँकेतून स्वतःची बचत काढून घरात ठेवली. ज्युरीने जुलै २०२४मध्ये त्यांना लाचखोरीसह १६ आरोपांत दोषी ठरवले आणि जानेवारी २०२५मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली.

खोटे मोजले, तर ते थांबते का?

मोजणी जरूर झाली आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांच्या कारकिर्दीतील खोटी किंवा दिशाभूल करणारी विधाने मोजली, ती ३० हजार ५७३ भरली. म्हणजे रोज सरासरी २१. दुसरीकडे, ‘पॉलिटिफॅक्ट’ या तथ्यतपासणी संस्थेने २०१३चे ‘वर्षातील सर्वात मोठे खोटे’ म्हणून ओबामा यांच्या आश्वासनाची निवड केली. तुमची आरोग्य विमा योजना तुम्हाला आवडत असेल तर ती तशीच राहील, असे ते सांगत होते. प्रत्यक्षात लाखो लोकांच्या हाती योजना रद्द झाल्याची पत्रे पडली.

दोन्ही पक्षांचे समर्थक यांतला एकच आकडा लक्षात ठेवतात, तोही समोरच्या पक्षाचा. ट्वेन यांना हे अपेक्षितच होते. खोटे बोलण्याच्या कलेचा ऱ्हास झाला आहे, अशी तक्रार करणारा त्यांचा एक निबंध १८८२मध्ये पुस्तकात आला. खोटे सगळेच बोलतात, अगदी ‘कसे आहात’ या प्रश्नाचे उत्तर देतानाही, हे तो निबंध हसत हसत मान्य करतो. प्रश्न इतकाच, की ते दुसऱ्याच्या भल्यासाठी बोलले गेले की स्वतःच्या फायद्यासाठी.

मुंबईतल्या हॉटेलात ट्वेन यांनी काय पाहिले?

प्रकाशन संस्था बुडाल्यामुळे ट्वेन १८९४मध्ये दिवाळखोर झाले. कर्ज फेडण्यासाठी ते जगभर व्याख्याने देत निघाले आणि जानेवारी १८९६मध्ये मुंबईत पोहोचले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७च्या प्रवासवर्णनात मुंबईच्या रंगांचे आणि गर्दीचे भरभरून वर्णन आहे. त्यातच हॉटेलमधला एक लहानसा प्रसंग आहे. खोलीच्या बाल्कनीचे दार साफ करायला एक भारतीय नोकर गुडघ्यांवर बसतो. त्याचे काहीतरी चुकते. सोबत आलेला जर्मन माणूस आधी त्याच्या जबड्यावर ठोसा मारतो आणि काय चुकले ते नंतर सांगतो. नोकर काही बोलत नाही. चेहऱ्यावर रागही दिसत नाही.

ट्वेन लिहितात, की त्या क्षणी ते पन्नास वर्षे मागे, मिसुरीतल्या बालपणात पोहोचले. गुलामाला काय हवे ते समजावण्याची तिथे हीच रीत होती. एका गुलामाला क्षुल्लक कारणावरून लोखंडाचा तुकडा फेकून ठार मारलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. गावात त्याबद्दल फारसे कुणी काही बोलले नाही. शाळेत, प्रवचनात, स्थानिक वृत्तपत्रात गुलामगिरी चुकीची आहे असे कुणी कधी म्हटल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी आत्मचरित्रातही नोंदवले आहे. कुणी खोटे बोलत नव्हते. सगळे फक्त गप्प होते.

‘न बोललेले खोटे’ म्हणजे काय?

मुंबई भेटीनंतर तीन वर्षांनी, १८९९मध्ये, ट्वेन यांनी आपल्या आयुष्यातल्या पहिल्या खोट्यावर एक लेख लिहिला. तो सुरू होतो तान्ह्या बाळाच्या लबाडीने. टाचणी टोचली की सगळे जवळ घेतात हे कळल्यावर बाळ टाचणी न टोचताही रडते. पण लेख हळूहळू गंभीर होतो. तोंडाने बोललेली खोटी विधाने किरकोळ आहेत, असे ट्वेन म्हणतात. सर्वात मोठे खोटे न बोलता बोलले जाते. आजूबाजूला काहीही गैर चाललेले नाही, असे सगळ्यांनी मिळून वागण्यातून दाखवणे, हे ते खोटे. गुलामगिरी, फ्रान्समधील ड्रेफस प्रकरण आणि दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिशांचे युद्ध ही उदाहरणे त्यांनी दिली.

अमेरिकेच्या नंतरच्या इतिहासाने या यादीत भर घातली. उत्तर व्हिएतनामने ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ला केल्याचे सरकारने सांगितले. हा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे बहुतांश इतिहासकारांनी मान्य केले. त्या वेळी युद्धाचे अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, तर सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग हे ते दोघे. पुढे ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडील महासंहारक अस्त्रांचे ‘पुरावे’ मांडले. युद्धानंतर अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे, असे पॉवेल यांनी २००५मध्ये मान्य केले. दोन्ही वेळी शंका असलेले लोक सत्तेच्या आत होते. त्यांच्यातले बहुतेक गप्प राहिले.

ट्वेन स्वतः या कसोटीला उतरतात का?

पूर्णपणे नाही, आणि हे त्यांना माहीत होते. युद्धज्वरावर बोट ठेवणारा ‘द वॉर प्रेयर’ हा लेख त्यांनी १९०५मध्ये लिहिला. एका मासिकाने तो नाकारला आणि ट्वेन यांनीही तो पुढे रेटला नाही. लोकांसमोर तो त्यांच्या मृत्यूनंतरच आला. आत्मचरित्र आपल्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी छापावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याचा पहिला संपूर्ण खंड खरोखरच २०१०मध्ये निघाला. न बोललेल्या खोट्यावर लिहिणारा लेखकही काही गोष्टी न बोलताच गेला.

पण एका बाबतीत त्यांनी किंमत मोजली. ते रिपब्लिकन होते. पक्षाने १८८४मध्ये जेम्स ब्लेन यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली तेव्हा ट्वेन यांनी भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे त्यांना मत द्यायला नकार दिला आणि डेमोक्रॅट उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला. हार्टफर्डमधले मित्र-शेजारी नाराज झाले. क्लीव्हलँड यांच्यावरही विवाहबाह्य अपत्याचा आरोप होता. फरक असा, की काय सांगायचे असे कार्यकर्त्यांनी विचारल्यावर त्यांनी खरे तेच सांगा, असे कळवले. क्लीव्हलँड निसटत्या मताधिक्याने जिंकले.

मोबाइलवर वाचणाऱ्याने यातून काय घ्यावे?

ट्वेन यांच्या लेखनातून चार साधे प्रश्न निघतात. संदेश शेवटपर्यंत वाचला का, की पहिल्याच थरारक ओळीवर अंगठा थांबला? आरोपाचा पुरावा दिला आहे, की फक्त विशेषण चिकटवले आहे? खुलासा मुद्द्याला धरून आहे, की देश, धर्म आणि कुटुंब यांच्या आड लपतो आहे? आणि हेच तीन प्रश्न आपल्या आवडत्या पक्षाला विचारले का? शेवटचा प्रश्न सर्वात अवघड, कारण त्याची किंमत शेजाऱ्यांच्या नाराजीत मोजावी लागते.

पाचवी गोष्ट प्रश्नाची नाही, सवयीची आहे. घरच्या ग्रुपवर काका किंवा मामा एक संदेश टाकतात. तो खोटा आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक असते. उगाच वाद नको म्हणून कुणी काही लिहीत नाही. एखादा अंगठ्याचे चिन्ह टाकतो. बाकीच्यांना वाटते, सगळ्यांना मान्य आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ट्वेन ज्याला सर्वात मोठे खोटे म्हणाले, ते असे कुणीही एक शब्द न बोलता पूर्ण होते. ते मोडायला मोठे भाषण लागत नाही. ‘काका, हे तपासले का?’ एवढे चार शब्द पुरतात.